‘वय झालें होतें’ म्हणजे काय झालें होतें?

अक्कलकोटास एका परिचित कुटुंबांत गेल्या उन्हाळ्यांत समाचाराला जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. घरांतील वडीलधाऱ्या बाई ब्यायशींव्या वर्षीं निवर्तल्या होत्या. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. भेटीस येणारीं माणसें घटकाभर टेकत आणि उठतांना प्रत्येकाच्या तोंडीं एकच वाक्य येई : ‘वय झालें होतें, सुटल्या बिचाऱ्या.’ हें वाक्य सांत्वनाचें आहे, आणि तें म्हणणारांच्या मनांत आपुलकीवांचून दुसरें कांहीं नसतें. परंतु ज्या सूनबाईंनीं सहा वर्षें सासूबाईंची शुश्रूषा केली, त्यांचें समाधान त्यानें होत नव्हतें. आम्हांला माजघरांत बोलावून त्या म्हणाल्या, ‘वय तर शेजारच्या काकांचेंहि झालें आहे. ते नव्वदीचे आहेत आणि रोज पायीं देवळांत जातात. आमच्या अव्वांचें नुसतें वय झालें नव्हतें. त्यांना काय झालें होतें आणि माझ्या हातून काय राहिलें, तें मला कोणीतरी नीट सांगावें.’

त्या वेळीं आम्हीं त्यांचें कसेंबसें समाधान केलें. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर परत आला. हा प्रश्न एका घरचा नाहीं. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या प्रत्येक घरीं तो आज ना उद्यां उभा राहाणार आहे, म्हणून त्याचा विचार येथें जरा विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लु आणि हळू

अक्कलकोट हें सरहद्दीवरचें गांव. एके काळीं भोसले घराण्याचें संस्थान असलेलें हें ठिकाण १९४८ सालीं मुंबई राज्यांत विलीन झालें. पण भाषेच्या बाबतींत तें आजहि दोन प्रांतांत नांदतें. बाजारपेठेंत मराठीबरोबर कानडी सर्रास कानीं पडते आणि पुष्कळांच्या एकाच वाक्यांत दोन्ही भाषा सुखानें राहातात. अव्वांचें माहेर कलबुर्गीकडचें. लग्न होऊन आल्यावर साठ वर्षें त्या मराठीच बोलल्या. पुढें स्मृतिभ्रंशाचा विकार जडला, तेव्हां मागाहून शिकलेली मराठी अगोदर ओसरूं लागली आणि लहानपणची कानडी तेवढी जिभेवर राहिली. ह्या विकारांत असें पुष्कळदां घडतें. सूनबाई नाशिककडच्या, त्यांना कानडीचें अक्षर येत नव्हतें, आणि ज्यांना येत होतें ते मुलगे दिवसभर कामावर.

एके दिवशीं अव्वांनीं जेवण सोडलें. घास तोंडाशीं नेला कीं त्या मान फिरवीत आणि ‘हल्लु, हल्लु’ म्हणत. सूनबाईंना वाटलें, ‘हळू, हळू’ म्हणताहेत. त्या बिचाऱ्या अधिकच हळू भरवूं लागल्या. एकेका जेवणाला तासतास लागूं लागला, तरी मान फिरेच. पंधरा दिवसांत लुगडें अंगावर सैल झालें, हातांतल्या पाटल्या कोपराकडे सरकूं लागल्या. नातेवाईक म्हणाले, ‘अन्नावरची वासना उडाली, आतां आग्रह करूं नये.’ शेवटीं जवळच्या खेड्यांतून दूध घालायला येणाऱ्या बाईनें एकदां उंबऱ्यांतून तें ऐकलें आणि ती म्हणाली, ‘वैनी, अव्वांचा दात दुखतोय कीं. हल्लु म्हंजे आमच्यांत दात.’

दंतवैद्यांनीं पाहिलें तों खालच्या दाढेच्या मुळाशीं पू झालेला. दाढ काढली आणि चौथ्या दिवशीं अव्वा मऊ भात जेवल्या. त्यानंतर अकरा महिन्यांनीं त्या न्यूमोनियानें गेल्या.

आम्हांला सांगावयाचें तें बहुतेक सगळें ह्या एका हकीकतींत आलें आहे. रोग मेंदूचा आहे आणि आजचें वैद्यक तो मुळासकट उपटूं शकत नाहीं, हें खरें. परंतु ह्या रोगाचा माणूस केवळ विसरल्यामुळें दगावत नाहीं. आपल्याला काय होतें आहे हें त्याला सांगतां येत नाहीं, म्हणून तो पुष्कळदां लौकर दगावतो. दुखणें, तहान, ठसका, ताप, पडल्यावर बसलेला मुका मार, ह्यांपैकीं कशाचीहि तक्रार तो नीट करूं शकत नाहीं. आणि घरचीं माणसें प्रत्येक नव्या लक्षणाला ‘त्यांच्या त्या आजाराचेंच’ म्हणून सोडून देतात.

थट्टेचा विषय नव्हे

आपल्याकडे ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द इतके रुळलेले आहेत कीं, आजोबा तेंच तेंच विचारूं लागले तर घरांतलीं मुलें हंसतात आणि मोठीं माणसें दुर्लक्ष करितात. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द तर आपल्या परिचयाचा गीतेच्या दुसऱ्या अध्यायापासून. पण तेथें तो विषयांच्या चिंतनांतून आणि क्रोधांतून उपजणाऱ्या मनाच्या अधोगतीचा आहे. ज्या रोगाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्याचा रोग्याच्या पापपुण्याशीं, स्वभावाशीं वा साधनेशीं कांहीं एक संबंध नाहीं. तो मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रोगासारखा शरीराचा रोग आहे. जन्मभर वेदपाठ केलेल्या दशग्रंथ्याला तो होतो आणि अक्षरशत्रूलाहि होतो.

१९०१ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं एक्कावन्न वर्षांची एक स्त्री इस्पितळांत आणली गेली. तिला नवऱ्याचें नांव आठवेना, स्वतःचें नांव लिहितां लिहितां ती मध्येंच थांबे. डॉ. आलॉइस अल्झायमर ह्यांनीं तिची बारकाईनें टिपणें ठेविलीं आणि १९०६ सालीं तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला. मेंदू आक्रसलेला होता आणि त्यांत विचित्र गुंते व चट्टे दिसले. त्याच वर्षीं ट्यूबिंगेन येथें त्यांनीं हा शोध मांडला, आणि १९१० सालीं एमिल क्रेपेलिन ह्यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत त्या रोगास अल्झायमर ह्यांचें नांव दिलें. ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. त्या स्त्रीला मृत्यु कशानें आला, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. अंथरुणाला खिळल्यामुळें पाठीला पडलेल्या जखमांतून विष रक्तांत भिनलें, त्यानें ती गेली. म्हणजे वैद्यकाच्या इतिहासांतील ह्या पहिल्या रुग्णाचा अंतहि गुंत्यांनीं व चट्ट्यांनीं परभारें झाला नव्हता. तो जखमेच्या वाटेनें आला होता.

स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांपैकीं शेंकडा साठ ते सत्तरांना हा अल्झायमरचा विकार असतो. मेंदूंतील रक्तवाहिन्या तुंबल्यामुळें होणारा प्रकार त्याच्या खालोखाल येतो, आणि कित्येकांत दोन्ही एकत्र असतात. येथें एक सूचना आमच्या वाचकांच्या घरांसाठीं मुद्दाम करितों. विसराळूपणा दिसला म्हणजे तो स्मृतिभ्रंशच, असें नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, कंठग्रंथीचें मांद्य, मनाची खोल उदासीनता, किंवा पडल्यानंतर कवटीच्या आंत सांकळलेलें रक्त ह्यांमुळेंहि माणूस भ्रमिष्टासारखा वागूं लागतो, आणि हीं कारणें उपचारानें सुधारतां येतात. बी-१२ हें प्राणिज अन्नांतून मिळतें. शुद्ध शाकाहारी घरांत, विशेषतः वृद्धपणीं, त्याची उणीव पुष्कळ आढळते. तेव्हां ‘आतां वयच झालें’ हा निकाल देण्यापूर्वीं रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. अक्कलकोटकरांस सोलापूर कांहीं दूर नाहीं; तेथें डॉ. वैशंपायन स्मृति वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेलें सरकारी रुग्णालय आहे.

दाखल्यावर नसलेला मृत्यु

जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ५ कोटि ७० लक्ष लोकांना स्मृतिभ्रंश होता, आणि दरवर्षीं सुमारें एक कोटि नव्या रोग्यांची त्यांत भर पडते. मृत्यूच्या जागतिक कारणांत त्याचा क्रम सातवा लागतो, आणि त्यानें मरणारांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक. आपल्या देशांत वृद्धांची जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढील माणसांपैकीं शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत, असा तींतील अंदाज आहे. पुरुषांपेक्षां स्त्रियांत, शहरांपेक्षां खेड्यांत, आणि शिकलेल्यांपेक्षां न शिकलेल्यांत प्रमाण जास्त.

एवढा मोठा रोग, मग मृत्यूच्या दाखल्यावर तो क्वचितच कां दिसतो? पहिलें कारण असें कीं, आपल्या देशांत नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकीं वैद्यकीय कारणाचा दाखला फार थोड्यांना मिळतो. २०२० सालीं हें प्रमाण शेंकडा २२.५ होतें. बाकीच्यांचें कारण घरचे सांगतील तें. दुसरें असें कीं, दाखला असला तरी त्यावर ‘न्यूमोनिया’, ‘हृदयक्रिया बंद’ किंवा ‘वार्धक्य’ एवढेंच लिहिलेलें असतें. ज्यानें दार उघडून दिलें त्याचें नांव कागदावर येत नाहीं.

माजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस ह्यांचें उदाहरण पुष्कळांस आठवत असेल. मुंबईच्या कामगारांचा हा गाजलेला पुढारी अल्झायमरच्या विकारानें कित्येक वर्षें लोकांच्या दृष्टीआड झाला होता. २९ जानेवारी २०१९ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशींव्या वर्षीं ते निवर्तले, तेव्हां शेवटचें निमित्त साथीच्या तापाचें झालें होतें.

मृत्यु कोणत्या वाटांनीं येतो

अमेरिकेंतील शुश्रूषागृहांत रोगाच्या अखेरच्या अवस्थेंत असलेल्या ३२३ रुग्णांवर अठरा महिने नजर ठेवून केलेली एक पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. त्या मुदतींत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले. शेंकडा ४१ जणांना न्यूमोनिया झाला, शेंकडा ५३ जणांना कधीं ना कधीं ताप आला, आणि शेंकडा ८६ जणांना खाण्यागिळण्याची अडचण उत्पन्न झाली. म्हणजे पहिली वाट घशांतली आहे.

गिळणें ही क्रिया आपण विचार न करितां करितों. पण ती चालविणारा मेंदूच आहे. तो थकला म्हणजे घास अन्ननलिकेऐवजीं श्वासनलिकेकडे वळतो, अन्नाचे व लाळेचे कण फुप्फुसांत उतरतात आणि तेथें न्यूमोनिया होतो. जेवतांना वारंवार ठसका लागणें, जेवणानंतर आवाज ओला व घोगरा होणें, घास गालांत धरून ठेवणें, पुन्हां पुन्हां बारीक ताप येणें, हीं त्याचीं पूर्वचिन्हें होत. अशा माणसास आडवें ठेवून कधींहि भरवूं नये. पाठ सरळ ठेवून बसवावें, हनुवटी किंचित् खालीं असावी, घास लहान असावा आणि पहिला गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा द्यावा. जेवणानंतर निदान अर्धा तास बसूं द्यावें. अशांच्या बाबतींत पाण्यासारखा पातळ पदार्थ घट्ट पदार्थापेक्षां अधिक घातक ठरूं शकतो. तेव्हां मेतकूट-भात, दाट पेज, नाचणीचें सत्त्व, केळ्याचें शिकरण असे सरसरीत पदार्थ बरे. दांत, जीभ व कवळी रोज दोनदां स्वच्छ करावी. तोंडांतील घाणच लाळेबरोबर फुप्फुसांत उतरते.

दुसरी वाट उपासमारीची व तहानेची. भूक लागल्याची जाणीव मंदावते, जेवलों कीं नाहीं हें आठवत नाहीं, ताटांत काय आहे तें ओळखूं येत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत वृद्ध माणूस पाणी मागत नाहीं म्हणून त्याला तहान नाहीं, असें मानणें हें त्याच्या जिवावर बेततें. तासातासाला चार घोट द्यावे आणि महिन्यांतून एकदां वजन करावें. वजन उतरूं लागलें तर ती वासना उडाल्याची खूण न समजतां प्रथम तोंड, दांत, पोट व औषधें तपासावीं.

तिसरी वाट पडण्याची. आपल्या जुन्या वाड्यांतील उंच उंबरठे, ओली फरशी, रात्रीचा अंधार आणि परसांतील न्हाणीघर, हीं सगळीं ठिकाणें अशा माणसाला सापळ्यासारखीं असतात. खुब्याचें हाड मोडलें म्हणजे माणूस अंथरुणाला खिळतो, आणि खिळल्यावर फुप्फुसें भरणें, लघवीचा विकार व पाठीच्या जखमा एकामागून एक येतात. रात्रभर मंद दिवा, न्हाणीघरांत धरण्यास दांडा आणि पायांत न घसरणारी वहाण, ह्या खर्चाला कोणतेंहि घर महाग नाहीं. माणूस अंथरुणाला खिळलाच, तर दर दोन तासांनीं कूस बदलावी आणि टाचा, खुबे व माकडहाड रोज उजेडांत पाहावें. तेथें लाली दिसली, तर जखमेची ती पहिली सूचना समजावी.

चौथी वाट मुक्या संसर्गाची. तरुण माणसाला लघवीचा विकार झाला तर तो जळजळ सांगेल. स्मृतिभ्रंशाचा रोगी सांगत नाहीं. ताप देखील पुष्कळदां येत नाहीं. तो एकाएकीं दोन दिवसांत अधिक भ्रमिष्ट होतो, बरळतो, किंवा उलट अगदीं गळून पडून राहातो. स्मृतिभ्रंश हा महिन्यामहिन्यांनीं वाढणारा रोग आहे. तो एका रात्रींत वाढत नाहीं. तेव्हां असा एकाएकीं पडलेला फरक दिसला तर त्याच दिवशीं वैद्यास दाखवावें.

पांचवी वाट आपणच उघडतों, ती औषधाच्या डब्याची. मधुमेहाची गोळी घेतली हें विसरून ती पुन्हां घेतली जाते आणि रक्तांतील साखर उतरून माणूस बेशुद्ध होतो. रात्रीं ओरडणारा रोगी शांत राहावा म्हणून घरचे गुंगीचें औषध मागतात. मनोविकारांवरील अशा कांहीं औषधांविषयीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००५ सालीं जाहीर इशारा दिला कीं, तीं घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रोग्यांत मृत्यूचें प्रमाण दीडपटीहून अधिक आढळलें. क्वचित् तीं द्यावीं लागतात; पण तो निर्णय तज्ज्ञाचा असावा, थोड्या दिवसांपुरता असावा. ओरडण्यामागें दुखरी दाढ किंवा चार दिवस न झालेलें पोट नाहीं ना, हें आधीं पाहावें.

ह्या वाटांपैकीं कोणावर कोणती वाट लौकर येते, हें पुष्कळसें वयावर, रोगाच्या तीव्रतेवर आणि जोडीच्या मधुमेह, हृदयविकार इत्यादि व्याधींवर अवलंबून असतें. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यांत असें दिसलें कीं, पासष्टाव्या वर्षीं निदान झालेले पुरुष त्यानंतर सरासरी ५.७ वर्षें व स्त्रिया ८ वर्षें जगल्या; पंचाऐंशींव्या वर्षीं निदान झालेल्यांच्या वांट्याला अनुक्रमें २.२ व ४.५ वर्षें आलीं. हीं वर्षें नुसतीं वाट पाहाण्याचीं नाहींत. तीं माणसाच्या आयुष्याचीच आहेत.

एका सुनेचें काम नव्हे

आतां घराच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. जगभर स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या शुश्रूषेचे जे तास भरतात, त्यांतील शेंकडा सत्तर तास स्त्रियांचे असतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरांत तो आंकडा कमी असेल असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. एकत्र कुटुंब म्हणजे पुष्कळ हात, असें आपण अभिमानानें म्हणतों. पण आजारी सासूच्या अंथरुणाशीं मोजूं गेलें तर ते हात बहुधा दोनच भरतात. मुलगे औषधाचे पैसे देतात, लेकी सणाला येऊन ‘आई किती वाळली!’ म्हणून डोळे पुसतात, आणि रात्रीं तीन वेळां उठणारी सून सकाळीं पुन्हां चुलीपुढें असते. थकलेलें माणूस घाईनें भरवतें; घाईचा घास श्वासनलिकेंत जातो. तेव्हां सुनेची झोंप हीदेखील सासूच्या औषधांतच मोडते.

म्हणून आमची सूचना अशी. रात्रीच्या पाळ्या वांटून घ्याव्या व त्यांत पुरुषांनीं आपली पाळी घ्यावी. आपल्या जन्मदात्रीचें तोंड धुण्यांत कमीपणा कसला? एक वही ठेवावी आणि तींत रोजचें अन्न, पाणी, शौच, झोंप, औषध व काय नवें दिसलें तें दोन ओळींत लिहावें. वैद्याला तासाभराच्या बोलण्यापेक्षां त्या वहीचा उपयोग अधिक होईल. रोग्याची बालपणची भाषा, आवडीनिवडी व सवयी ज्याला ठाऊक असतील, त्याच्याकडून त्या लिहून घ्याव्या. अव्वांच्या घरीं अशी वही असती आणि तिच्या पहिल्या पानावर वीसपंचवीस कानडी शब्द असते, तर ते पंधरा दिवस वांचले असते.

रोगी घरांतून निघून जातो, हीहि एक नित्याची चिंता. गुरुवारीं व उत्सवाच्या दिवसांत अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराच्या परिसरांत किती दाटी होते, तें सर्वांस ठाऊक आहे. अशा गर्दींत वृद्धांना नेतांना त्यांच्या खिशांत वा गळ्यांत नांव, गांव व घरचा दूरध्वनि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना त्यांतील संस्कृत पंडित आठवेल. डॉ. मोहन आगाशे ह्यांनीं रंगविलेला हा विद्वान् स्मृतिभ्रंशांत एका हत्तीच्या मागोमाग चालत जातो, आणि हत्तीवाल्याची कानडी बोलणारी बायको त्याला लेंकरासारखी संभाळते. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष ह्यांना २०१३ सालच्या चित्रपटांसाठींचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तो प्रसंग कल्पित खरा. पण अक्कलकोटच्या दूधवाल्या बाईची गोष्ट ऐकतांना आम्हांस त्याचीच आठवण झाली. दोघींजवळहि ग्रंथांतरींचें ज्ञान नाहीं. समोरचें माणूस काय म्हणतें, तें त्यांनीं कान देऊन ऐकलें, इतकेंच.

आणि हा रोग लपवूं नये. ज्येष्ठ अभिनेत्री सीमा देव ह्यांना अल्झायमरचा विकार असल्याचें त्यांचे पुत्र अजिंक्य देव ह्यांनीं २०२० सालीं आपण होऊन जाहीर केलें. २४ ऑगस्ट २०२३ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां महाराष्ट्रानें त्यांना त्यांच्या आजारासकट आदरानें निरोप दिला. लपविलेल्या रोगाला शेजाऱ्याची मदत मिळत नाहीं. वृद्धांसाठीं १४५६७ व मनःस्वास्थ्यासाठीं १४४१६ हे सरकारी दूरध्वनि क्रमांक आहेत. शुश्रूषा करून थकलेल्या माणसानेंहि दुसऱ्या क्रमांकावर बोलण्यास संकोच करूं नये.

अखेरचा निर्णय

सगळे पहारे ठेवले तरी एक दिवस असा येतो कीं, माणूस गिळूंच शकत नाहीं. त्या वेळीं नाकांतून नळी घालावी कीं काय, हा प्रश्न घरांत कलह उत्पन्न करितो. रोगाच्या अगदीं शेवटच्या अवस्थेंत नळीनें आयुष्य वाढतें असा पुरावा मिळालेला नाहीं, न्यूमोनियाहि टळत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील वार्धक्यवैद्यांच्या संस्थेनें अशा रोग्यांना नळीऐवजीं हातानें, प्रेमानें, जेवढें जाईल तेवढें भरविण्याचा सल्ला दिला आहे. वर सांगितलेल्या २००९ च्या पाहणींत असेंहि दिसलें कीं, ज्या घरच्यांना पुढें काय होणार ह्याची समज होती, त्यांनीं शेवटच्या दिवसांत रोग्याला त्रासदायक उपचार कमी करविले. येथें सावधगिरीची एक सूचना अवश्य आहे : गिळतां न येणें आणि दाढ दुखणें ह्यांतला भेद वैद्याकडून ठरवून घेतल्यावांचून ‘आतां अखेर आली’ असें कोणी म्हणूं नये.

आपल्यावर असा प्रसंग आल्यास काय करावें, हें माणसानें शुद्धींत असतांनाच लिहून ठेवावें, हें उत्तम. असें इच्छापत्र कायद्यानें ग्राह्य असल्याचें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केलें, आणि २०२३ सालीं त्याची रीत सोपी केली.

आजच काय करतां येईल

रोग टाळण्याचा निश्चित उपाय नाहीं. पण त्याची शक्यता कमी करणारीं साधनें आहेत. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं चौदा कारणें दाखविलीं आणि तीं सर्व दूर झालीं तर जगांतील सुमारें शेंकडा ४५ रोग्यांचा रोग टळेल वा लांबेल, असा अंदाज केला. त्यांतील पहिलें आहे बालपणींच्या शिक्षणाचा अभाव. मुलींना शाळेंतून लौकर काढणाऱ्या पिढ्यांनीं त्यांच्या म्हातारपणाचेंहि नुकसान केलें, हें ध्यानांत घ्यावें. बाकीचीं बहुतेक कारणें घरांतलींच आहेत : कमी ऐकूं येणें व त्यावर यंत्र न लावणें, मोतीबिंदु तसाच ठेवणें, रक्तदाब, मधुमेह, रक्तांतील चरबी, स्थूलपणा, तंबाखू, मद्य, डोक्यास मार, अंगाला हालचाल नसणें, दूषित हवा, उदासीनता आणि एकटेपणा. चाळिशी-पन्नाशींतल्या ज्या मुलगे-सुनांनीं आईच्या रक्तदाबाची गोळी रोज आठवणीनें दिली, त्यांनीं स्वतःचा रक्तदाब कधीं मोजला आहे काय?

लेख पुरा करण्यापूर्वीं त्या सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर देणें प्राप्त आहे. त्यांच्या सासूबाईंना वय झालें म्हणून मरण आलें नाहीं. त्यांना मेंदूचा एक रोग होता आणि त्याचा शेवट, कोणी कांहींहि केलें असतें तरी, आज ना उद्यां होणारच होता. त्यांच्या हातून राहिलें तें एवढेंच कीं, एक शब्द कळला नाहीं. आणि तोहि एकट्या त्यांच्या हातून राहिला नाहीं, कानडी जाणणाऱ्या साऱ्या घराच्या हातून राहिला. दाढ निघाल्यावर जे अकरा महिने मिळाले, त्यांत अव्वा रोज भरवून जेवल्या, अंगणांतल्या उन्हांत बसल्या, नातवाला कोणाच्या तरी भलत्याच नांवानें कां होईना हांका मारीत राहिल्या. ते महिने त्या सूनबाईंनींच दिलेले होते.

परत निघतांना आम्ही स्वामींच्या दर्शनास गेलों. १८७८ सालीं समाधिस्थ झालेल्या ह्या सत्पुरुषाच्या गांवीं आज अन्नछत्रांत रोज हजारों पानें उठतात आणि आलेला कोणी उपाशी जात नाहीं. पंगतींत एक म्हातारे गृहस्थ ताटाकडे नुसते पाहात बसले होते. त्यांच्या शेजारीं बसलेल्या तरुणानें आपला भात तसाच ठेविला, त्यांच्याकडे वळून ‘काय झालें, आजोबा?’ असें विचारलें, आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला.